लोटा छाप

बहिणीच्या नवऱ्याबद्दल गजानन पेंटरचं मत लग्नाच्या मांडवातच बनलं होतं, आणि पुढे चुडामणने ते बदलायची एकदाही संधी दिली नाही. मंगलाष्टकं चालू होती. मांडवाच्या दारात फौजदार येऊन उभा राहिलेला दिसला, तर हा नवरदेव अंतरपाटाआडूनच मान वाकडी करून त्याला नमस्कार घालायला लागला. भटजी 'सावधान' म्हणतायत, लोक अक्षता टाकतायत, आणि ह्याचं तोंड दरवाज्याकडे. गजानन तेव्हा पोरसवदा होता. पण त्याने त्याच क्षणी मनात म्हटलं की आपल्या आशाताईला बापाने माणसाला दिलेलं नाही, वाऱ्यावरच्या चिंधीला दिलंय.

तसं पाहिलं तर गजाननला बहुतेक सगळ्याच गोष्टींचा तिटकारा होता. मुंबईला चित्रं शिकायला गेला होता, दोन वर्षं काढली आणि परत आला. का परत आला हे कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिथले मास्तर माझ्या लायकीचे नव्हते." बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात त्याचं छोटं दुकान होतं. 'गजानन आर्ट' असा बोर्ड वर लावलेला, आणि आत तो कापडवाल्यांचे, सोनारांचे, वैद्यांचे बोर्ड रंगवत बसायचा. गिऱ्हाईक समोर उभं असेपर्यंत 'हो सेठ, होईल सेठ', आणि पाठ फिरली की तोंड वाकडं. दोनदा मुली सांगून आल्या. एकीचे दात पुढे होते म्हणून नको म्हणाला, दुसरीच्या बापाने त्याला 'रंगारी' म्हटलं म्हणून नको म्हणाला. मग कोणी आलं नाही.

चुडामणचं लोधीपुऱ्यात काळ्या दंतमंजनाचं काम होतं. चुडामणचं म्हणायचं खरं, पण मंजन करायची आशाबाई. बदामाची टरफलं जाळायची, बाभळीची साल वाळवून कुटायची, त्यात तुरटी, लवंग, थोडा कापूर, आणि मग फडक्यातून वस्त्रगाळ करायची. दिवसभर हात कोपरापर्यंत काळे. चुडामण पुड्या बांधायचा आणि सायकलला पिशव्या अडकवून शहापूर, रावेर, नेपानगर, जिथे बाजार असेल तिथे दुकानदारांच्या पाया पडत फिरायचा. मंजन चांगलं होतं, एवढं गजानन मान्य करायचा. बहीण करते म्हटल्यावर चांगलंच असणार.

पुडीवर काहीतरी छाप हवी, हे चुडामणच्या डोक्यात इंग्रज असतानाच आलं. गजाननने तेव्हा मनापासून एक चित्र काढून दिलं होतं. बाभळीची एक काडी, तिला दोन पानं, बस्स.

चुडामणने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "काडी?"

"दातवण आहे, दाजी. कोणालाही कळेल."

"अरे, पण लोक म्हणतील काडीची किंमत नाही ह्या मंजनाला. आणि कोणी काडीमोड छाप म्हटलं म्हणजे? घरात लेकीबाळी आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सालेसाहेब, मुकुट काढ. राजाचा मुकुट. कलेक्टर खंडव्याहून येतो ना, त्याच्या नजरेत भरला पाह्यजे."

मुकुट निघाला. कलेक्टरने तो कधी पाहिला नाही. पुढच्याच वर्षी इंग्रज गेले, आणि चुडामण त्या मुकुटांचे गठ्ठे बंबात घालताना हात पोळून घेऊन आला. आता झेंडा हवा होता. झेंडा झाला. मग सरकारने कायदा केला की झेंडा, चक्र वगैरे विकायच्या मालावर छापायचं नाही. ते ऐकून ह्याची अशी गाळण उडाली की दुकानादुकानांतून आपल्याच पुड्या परत आणून त्यांवरचे कागद स्वतःच्या नखांनी खरवडत बसला. त्यानंतर निवडणूक आली. निकाल लागला त्या आठवड्यात मंजनावर जिंकणाऱ्यांची बैलजोडी आली.

"दाजी, बैलाचा आणि मंजनाचा संबंध काय?" गजाननने विचारलं होतं.

"का? बैलाला दात नसतात?" चुडामण म्हणाला, आणि आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटून स्वतःच हसला.

गजानन हे सगळं काढत गेला. काढताना दात खायचा, पण काढायचा. बहिणीच्या घरचं काम, नाही कसं म्हणणार, असं तो स्वतःला सांगायचा.

ह्या सगळ्यात व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकाला पुडी ओळखूच येईना. खेड्यातली बाई बाजारात येऊन म्हणायची, "ते काळं मंजन दे, मागच्या खेपेला मुकुटवालं होतं ते," आणि दुकानदार समोर पडलेली कुठलीही काळी पुडी तिच्या हातावर ठेवायचा. कोणीतरी तर सरळ कोळसा कुटून विकायला लागला होता. एक दिवस गावातल्याच लालबागची सरुबाई सुजलेलं तोंड घेऊन आशाबाईच्या दारात आली. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. "आशा, काय टाकतेस गं आताशा मंजनात?" म्हणाली. आशाबाईने पुडी उघडून चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकली. तिचं नव्हतंच ते.

त्या दिवशी तिने गजाननला घरी बोलावलं. चुडामण बाजाराला गेला होता. तिने त्याच्यापुढे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला आणि स्वतः उखळाजवळ बसली.

"गजा, मला एक काम करून दे. ह्यांना नाही, मला."

"बोल ना."

"असं काही काढ की अडाणी बाईलासुद्धा लांबून ओळखू येईल. अक्षरं नकोत. आणि असं काढ की हे पुन्हा बदलायचं नाव काढणार नाहीत. लोकांच्या तोंडात बसलं पाह्यजे."

"दाजी ऐकतील?"

"तू चांगलं काढ. ऐकवायचं मी बघते."

गजाननने भाकरी संपवली. बहिणीने त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. करून देऊ, असं त्याने मनापासून ठरवलं.

पण ते दिवस मोठे गमतीचे होते. प्रांत नव्याने पाडायचे म्हणून दिल्लीने कमिशन नेमलं होतं, आणि बुऱ्हाणपूर कुठे जाणार ह्यावर चहाच्या दुकानांत भांड्यांना भांडी लागत होती. मराठी माणसं म्हणत होती, आपण तापीकाठचे, खानदेशाचे, आपल्याला मराठी प्रांतात घ्या. हिंदी माणसं म्हणत होती, हे गाव पहिल्यापासून हिंदी मुलखातलं, इकडेच राहील. रोज कुठेतरी सभा. गजाननला कापडी फलकांचं काम इतकं आलं की दुकानात वाळत घालायला जागा पुरेना.

अशा धामधुमीत चुडामण दुकानात आला. हातात कागद होता.

"सालेसाहेब, आशा म्हणते नवी छाप पाह्यजे. मी पण विचार केला. ऐक. मधे असीरगड. खाली तापी. एका बाजूला केळीचा घड, दुसऱ्या बाजूला कापसाचं बोंड. वरती नकाशा."

"कसला नकाशा?"

"प्रांताचा."

"कुठल्या प्रांताचा? अजून ठरलंय कुठे?"

चुडामण पुढे वाकला. "तेच तर तुझं कौशल्य आहे ना बाप्पा. कड अशी काढ की तिकडच्यांनाही आपली वाटेल आणि इकडच्यांनाही. उद्या जे होईल ते आपलंच."

गजाननने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. पुडी ती केवढी, तळहाताएवढी, आणि हा मनुष्य तिच्यावर गड, नदी, दोन पिकं आणि दोन प्रांत बसवायला निघाला होता. एवढं सगळं काढलं तर शेवटी काळा डागच दिसणार. "बघतो," तो म्हणाला, कागद घेतला आणि चुडामण वळताच त्या कागदालाच ब्रश पुसला.

चार-दोन दिवसांनी सकाळी गिरधर वकिलांच्या अंगणात मराठी लोकांची सभा होती. फलक बांधायला गजानन शिडीवर चढलेला. खाली पहिल्या रांगेत चुडामण, डोक्याला फेटा बांधून. वकील बोलायला उठायच्या आधीच हा टाळ्या वाजवायला लागला. मग स्वतः उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या आईने मला अंगाई मराठीत म्हटली. ह्या जिभेला दुसरी भाषा शोभत नाही." लोकांनी वाहवा केली. गजाननने शिडीवरून खाली वाकून पाहिलं, कारण चुडामणची आई त्याला जन्म देऊन लगेच वारली होती हे सगळ्या लोधीपुऱ्याला माहीत होतं.

संध्याकाळी पलीकडच्या लोकांची सभा होती, धर्मशाळेत. तिथले फलकही गजाननचेच. तो दोरी आवळत होता, आणि मागून ओळखीचा आवाज आला. फेटा गेला होता, पांढरी टोपी आली होती.

"भाइयों," चुडामण म्हणत होता, "घर में हम कुछ भी बोलें, हमारी असली मातृभाषा तो हिंदी ही है. मेरी माँ ने मुझे लोरी भी हिंदी में सुनाई."

गजाननने दोरीची गाठ मारली, खाली उतरला आणि कोणाशी न बोलता दुकानात आला. डोकं तापलं होतं. मेलेल्या आईलाही ह्याने दोन्ही सभांना नेलं. पाटीवर कागद ताणून त्याने जाड ब्रश काळ्या शाईत बुडवला.

लोटा काढला. गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ. तीन-चार रेघांत. सगळ्या लोट्यांना असतं ते खालचं कडं, ज्याच्यावर लोटा उभा राहतो, ते मात्र काढलं नाही. तळ अंड्यासारखा गोल ठेवला आणि अख्खा लोटा एका बाजूला थोडा कलता केला, आता लवंडेल की मग, असा.

बेपेंदी का लोटा. बिनबुडाचा. जिकडे उतार तिकडे गडगडणारा. ह्यापेक्षा दाजींची तसबीर दुसरा कोण काढणार, असं म्हणून तो हसला. कागद भिंतीला लावून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. तिथून पाहिलं आणि त्याचं हसू थोडं थांबलं. चित्र उत्तम झालं होतं. पिवळ्या कागदावर काळा कललेला लोटा, रस्त्यापलीकडूनही डोळ्यात भरत होता. सकाळी उठून तोंड धुवायला लोटाच लागतो, म्हणजे मंजनाशी नातंही होतं. अक्षराची गरज नव्हती. आयुष्यात इतकं नेमकं काही आपल्या हातून उतरलेलं नाही हे त्याला कळलं, आणि ते चुडामणसाठी उतरावं ह्याची त्याला चीडही आली.

चुडामणने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लोटा," तो म्हणाला.

"हिंदीवाला लोटा म्हणेल, आपला माणूस तांब्या म्हणेल," गजानन गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "भांडण कोणाशीच नाही. प्रांत कुठलाही होवो, लोटा कोण बदलणार?"

चुडामणचा चेहरा उजळला. "क्या बात आहे! हे डोकं मुंबईचं!" मग जरा जवळ जाऊन म्हणाला, "पण ह्याला बूड का नाही?"

"रेघा कमी ठेवल्या, दाजी. ठसा साफ उठतो."

"बरोबर आहे, बरोबर आहे," चुडामण म्हणाला, आणि चित्र छातीशी धरून घेऊन गेला.

आशाबाईनेही पाहिलं असणार. पण घाईत, मंजनाच्या काळ्या हातांनी, लांबूनच. लोटा आहे, साधा आहे, लांबून दिसतो, एवढं तिला पुरलं. भावावर तिचा विश्वास होता.

पुड्या बाजारात आल्या आणि पहिला हसला तो भिकन. इतवाऱ्यात त्याचं जिलबीचं हॉटेल, सगळ्या गावाची तिथे ऊठबस. त्याने पुडी उजेडात धरली, मान कलती केली आणि मांडीवर थाप मारली. "अरे, ये तो बेपेंदी का लोटा! चुडामणसेठने खुद का फोटू छाप दिया रे!" कढईजवळ बसलेली माणसं ठसक्यात हसली. ज्यांनी चुडामणला सकाळच्या सभेत पाहिलं होतं तीही, आणि ज्यांनी संध्याकाळच्या सभेत पाहिलं होतं तीही. त्या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. दुपारपर्यंत गोष्ट लालबागला पोचली, बाजाराच्या दिवशी शहापूरला. लोक दुकानात जाऊन म्हणायला लागले, "एक चुडामण द्या," आणि दुकानदार डोळा मारून पुडी द्यायचा. हसण्यासाठी म्हणून घेतलेली पुडी घरी जायची, मंजन चांगलं असायचं, आणि पुढच्या बाजाराला बाई स्वतः म्हणायची, "लोटा दे." कोळसेवाल्याचा माल पडून राहिला. बैलजोडीवरून, झेंड्यावरून कधी झालं नव्हतं ते झालं. मंजनाला नाव मिळालं.

गजाननचे ते दिवस फार सुखाचे गेले. तो भिकनकडे कोपऱ्यात बसायचा, मावा जिलबी मागवायचा आणि दर नव्या गिऱ्हाइकाला हसताना पाहायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी काय, सेठने सांगितलं ते काढलं." आपल्या एका ब्रशाने ह्या माणसाची सालपटं काढली आणि त्याला पत्ताही नाही, ह्याची गोडी त्याला जिलबीपेक्षा जास्त होती. एवढं मोठं गाव, पण माणसाला ओळखणारा आपण एकटाच, असं त्याला वाटायचं.

मग एका दुपारी आशाबाई दुकानात आली.

ती बाजारात कधी यायची नाही. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि हात धुतले होते तरी नखांत काळं. गजाननने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"सोनाराकडे हळदीकुंकवाला गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या सासूने मला कुंकू लावलं आणि सुनेला म्हणाली, ह्या लोटेवाल्या. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला कळेना काय झालं. मग एकीने समजावून सांगितलं."

गजानन ब्रश पुसत राहिला.

"मी तुला काय सांगितलं होतं, गजा?"

"ओळखू येईल असं काढ म्हणाली होतीस."

"आलं ओळखू. मंजन नाही. माझा नवरा ओळखू आला."

"मग खोटं काय काढलं मी?" गजाननचा आवाज चढला. "त्या दिवशी दोन्ही सभांना मी होतो, ताई. सकाळी फेटा, संध्याकाळी टोपी! स्वतःच्या आईला..."

"मला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "मी रोज त्याच घरात राहते. मला ठाऊक नाही होय, माझा माणूस कसा आहे ते? फौजदार दिसला की वाकतात, तलाठी दिसला की वाकतात. मी ते झाकत आले. बाई झाकते. तू गावभर पिवळ्या कागदावर लावलंस." ती दोन पावलं पुढे आली. "आणि तू त्या दोन्ही सभांना काय करत होतास?"

"मी? मी फलक बांधत होतो. माझा धंदा आहे तो."

"दोघांचेही?"

गजानन पुन्हा ब्रश पुसायला लागला.

"मुकुट कोणी काढला? झेंडा, बैल कोणी काढले? त्यांनी म्हटलं आणि तू काढलंस. वर मागे हसलास. ते निदान कोणाला हसत नाहीत." ती पदर सावरून वळली. जाता जाता दारात वाळत घातलेल्या दोन फलकांकडे तिने पाहिलं, एक मराठी, एक हिंदी, एकाच दोरीवर. 

गजाननला राग आला, आणि तो कोणावर काढावा कळेना. दोन दिवस तसेच गेले. मग लोट्याचं नवं चित्र काढलं. तसाच लोटा, पण सरळ उभा, खाली जाड कडं. चांगलं भक्कम बूड. चित्र पार मेलं होतं. भांड्यांच्या दुकानाचा बोर्ड वाटत होता. तरी ते घेऊन तो लोधीपुऱ्यात गेला.

चुडामण ओसरीवर पुड्यांच्या राशीत बसला होता. गजाननने चित्र पुढे ठेवलं. "दाजी, माझ्याकडून चूक राहिली होती. बूड लावलंय. पुढचा छापा हा करा."

चुडामणने चित्राकडे पाहिलं आणि मग गजाननकडे. "बूड? वेडा झालास का? बूड लावलं तर धंदा बुडेल."

"लोक हसतात."

"हसतात ना. मला काय ऐकू येत नाही?"

गजानन ओसरीच्या कडेला बसला. "तुम्हाला माहीत आहे?"

"भिकन हसला त्याच दिवशी कळलं," चुडामण पुडीला दोरा गुंडाळत म्हणाला. "त्या दिवशी घरी न जेवताच पडलो. तुझ्या दुकानात येऊन तुझे डबे फेकून द्यावेत असंही वाटलं. खोटं नाही बोलत." त्याने दोरा दाताने तोडला. "पण सालेसाहेब, लोक मला आधीपासून हसतच होते. मुकुटाला हसले, बैलाला हसले. तेव्हा हसून निघून जायचे. आता हसतात आणि पुडी घेतात."

क्षणभर गजाननला त्या वाकलेल्या मानेकडे पाहताना वेगळंच काही वाटलं. आपण ज्याला चिंधी म्हणत आलो ती कितीदा पायाखाली आली असेल, असं काहीसं. पण चुडामणने त्याला फार वेळ तसं वाटू दिलं नाही. तो लगेच सरकून जवळ आला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मी काय म्हणतो, आता आपलं गाव भोपाळकडे जायचं पक्कं झालंय म्हणतात. लोट्याच्या खाली हिंदीत छोटंसं 'मध्यप्रदेश का गौरव' लिहून देशील? छोटंसंच. उद्या तिकडून साहेब येतील..."

गजानन उठला. "तुम्ही सुधारणार नाही, दाजी."

"सुधारून काय करू?" चुडामण खरंच न कळून म्हणाला.

नवा प्रांत झाला तो ऐन दिवाळीच्या तोंडावर. गिरधर वकिलांच्या अंगणात दिवे कमी लागले, धर्मशाळेत जास्त लागले. चुडामण दोन्हीकडे पेढे देऊन आला, एकीकडे दुःखात सामील व्हायला म्हणून आणि दुसरीकडे आनंदात. भाऊबीजेला गजानन लुगडं घेऊन बहिणीकडे गेला. यावं की नाही असं वाटत होतं, पण बोलावणं आलं होतं.

आशाबाईने पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. चुडामण बाजूला हौसेने बसला होता. ओवाळून झाल्यावर तिने ताम्हण खाली ठेवलं, लुगडं घेतलं, आणि उठली नाही.

"एकाने माझ्या घराची टिंगल केली," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याने ती पुड्यांत बांधून विकली. दोघांनाही बरकत आली. चांगलं झालं. आता माझं ऐका. लोट्यासाठी मी यापुढे कुटणार नाही. बायका लावा, गडी लावा, काय लावायचं ते लावा. मी लागेल तेवढं करीन, घरी डबी घेऊन येणारीला देईन. कागद नाही, छाप नाही."

"अगं पण माल..." चुडामण म्हणाला.

"माल लोट्यावर खपतो ना? मग खपेल."

  गजाननने करंज्यांची ताटली बाजूला सारली आणि पाटावरून उठला.

आणि माल खपला. चुडामणने मजुरीच्या बायका लावल्या. टरफलं परवडेनात म्हणून त्यात हळूहळू लाकडी कोळसा आला, लवंग गेली, तुरटी अर्ध्यावर आली. गजाननने एकदा पुडी फोडून चाखली, तर सरुबाईचं तोंड ज्याने सुजलं होतं त्यातलाच प्रकार. आता लोक ओरडतील, असं त्याला वाटलं. तो वाट पाहत राहिला. कोणी ओरडलं नाही. खेड्यातल्या बाया तो कललेला लोटा पाहायच्या, बोट दाखवायच्या, घेऊन जायच्या. हिरड्या दुखल्या तर थंडीला दोष द्यायच्या. भिकनच्या हॉटेलात अजून कोणीतरी नवा माणूस पुडी पाहून हसायचा. गजाननला त्या हसणाऱ्याची किळस यायची, विकत घेणारीची यायची. असल्या गाढवांसाठी आपण आयुष्यातलं सगळ्यात नेमकं चित्र काढलं म्हणून स्वतःचीही.

त्याच्याकडे आता कामं फार यायला लागली. अगरबत्तीवाला, बिडीवाला, मसालेवाला, जो तो म्हणायचा, "लोट्यासारखं काहीतरी काढा, पेंटर." त्याला सगळे लोटा पेंटरच म्हणायला लागले. तो काढून द्यायचा. मागे हसायचं मात्र त्याने सोडलं होतं. का सोडलं हे त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि विचारणारं जवळ कोणी नव्हतंही.

हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या दाढेत ठणका लागला. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी एका सकाळी रंगाचा एक रिकामा लहान डबा घासूनपुसून तो लोधीपुऱ्यात गेला. मागच्या दारी आशाबाई बसली होती आणि चार-सहा बायका डब्या घेऊन उभ्या होत्या. सरुबाईही होती. गजाननला पाहून त्या जरा बाजूला सरल्या, आणि पेंटर हाच का म्हणून एकमेकींना खुणा करायला लागल्या. तो पुढे गेला नाही. शेवटच्या बाईच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली तेव्हा आशाबाईने डबा हातात घेतला, उलटा केला, नाकाला लावून पाहिला.

"टर्पेंटाईनचा वास येतोय," ती म्हणाली. "ह्यात मंजन बिघडेल. घरून दुसरी डबी आण."

"दुसरी नाही, ताई."

तिने त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. मग वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडला, चिमूटभर मंजन त्यात घालून घडी केली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"आजच्यापुरतं," ती म्हणाली, आणि मागे नव्याने येऊन उभ्या राहिलेल्या बाईकडे हात पुढे केला.